मॉर्मन पंथ आणि अमेरिकी सहिष्णुतेचा हिशेब

अमेरिकेच्या मातीत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथांपैकी मॉर्मनांइतका छळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नाही, आणि छळ थांबल्यावर त्यांच्याइतकी भरभराटही क्वचितच कोणाची झाली. जमावाने घरे जाळली, एका राज्याच्या गव्हर्नरने हद्दपारीचा हुकूम काढला, केंद्र सरकारने सैन्य पाठवले, सर्वोच्च न्यायालयाने मालमत्तेची जप्ती वैध ठरवली. पुढे त्याच पंथाचे लोक मंत्री, सिनेटर, उद्योगपती झाले आणि एकजण अध्यक्षपदाच्या उंबरठ्यापर्यंत गेला. तरीही जनमताच्या पाहण्यांत हा पंथ आजही तळाशीच दिसतो. धर्मस्वातंत्र्याची हमी अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून आहे. ती कोणाला कधी आणि कोणत्या अटींवर मिळाली, हे पाहायचे तर मॉर्मनांचा इतिहास कॅथलिक, ज्यू, यहोवाचे साक्षीदार, आमिश आणि मुस्लिम यांच्या इतिहासाशेजारी ठेवावा लागतो.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८०५ मध्ये व्हरमाँट राज्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मला. कुटुंब पुढे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात पाल्मायराजवळ आले. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरील प्राचीन मजकूर आपण दैवी साहाय्याने इंग्रजीत आणला, असे त्याचे सांगणे होते. तो ग्रंथ, 'बुक ऑफ मॉर्मन', मार्च १८३० मध्ये छापून निघाला आणि ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली. बायबलच्या जोडीला नवा धर्मग्रंथ आणि देवाशी थेट बोलणारा हयात प्रेषित या दोन्ही गोष्टी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांना पाखंड वाटल्या. पण पाखंड तेव्हाच्या अमेरिकेत काही दुर्मीळ नव्हते. ब्रह्मचर्य पाळणारे, नाचत प्रार्थना करणारे शेकर त्याच काळात आपापल्या वसाहतींत बऱ्यापैकी निर्धास्त राहत होते. मॉर्मनांविरुद्ध बंदुका निघाल्या त्या जमीन आणि मते यांच्यामुळे.

मॉर्मन एकेकटे राहत नसत. प्रेषिताच्या आज्ञेने ते शेकड्यांनी, पुढे हजारांनी एका ठिकाणी गोळा होत, जमीन घेत, आपसांतच व्यवहार करत आणि गठ्ठा मतदान करत. १८३१ मध्ये स्मिथने मिसुरी राज्यातील जॅक्सन काउंटी ही सियोनची पवित्र भूमी म्हणून जाहीर केली. तिथल्या जुन्या वसाहतवाल्यांना हे नवे लोक उत्तरेकडचे आणि गुलामगिरीबाबत संशयास्पद वाटले. मॉर्मनांच्या वृत्तपत्राने १८३३ मध्ये मुक्त कृष्णवर्णीयांच्या मिसुरीतील प्रवेशाविषयी मजकूर छापला. जमावाने छापखाना उद्ध्वस्त केला आणि नोव्हेंबरपर्यंत सगळ्या मॉर्मनांना काउंटीबाहेर हाकलले. ते उत्तरेला सरकले, पण तिथेही तेच घडले. ऑगस्ट १८३८ मध्ये गॅलाटिन गावी त्यांना मतदान करू देण्यावरून मारामारी झाली आणि तिचे पर्यवसान लहानशा युद्धात झाले. आगळीक दोन्ही बाजूंनी झाली होती. मॉर्मनांच्या सशस्त्र टोळ्यांनीही विरोधकांची घरे जाळली होती.

२७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने कार्यकारी आदेश क्रमांक ४४ काढला. मॉर्मनांना शत्रू समजावे आणि त्यांचा एकतर नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर घालवावे, असा त्याचा आशय होता. तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन १७ मॉर्मन मारले गेले. तो आदेश तोपर्यंत हल्लेखोरांच्या हाती पडला होता का, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. ऐन हिवाळ्यात सुमारे दहा हजार माणसे घरादारावर पाणी सोडून इलिनॉयकडे निघाली.

या आदेशाला अमेरिकेच्या इतिहासात एकच जवळचा जोड सापडतो. यादवी युद्धात, १७ डिसेंबर १८६२ रोजी, जनरल युलिसिस ग्रँट याने कापसाच्या चोरट्या व्यापाराचा ठपका ठेवून आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशातून सर्व ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. केंटकीतले ज्यू व्यापारी वॉशिंग्टनला गेले, लिंकनला भेटले आणि काही आठवड्यांतच हुकूम मागे घेतला गेला. पुढे अध्यक्षपदासाठी उभे राहताना ग्रँटला त्याबद्दल खुलासे करावे लागले. जोसेफ स्मिथसुद्धा नुकसानभरपाई मागायला वॉशिंग्टनला गेला होता. अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांनी त्याला रिकाम्या हातांनी परत पाठवले. राज्याच्या कारभारात केंद्राने पडायचे नाही, ही तेव्हाची घटनात्मक समजूत होतीच, शिवाय मिसुरीची मते महत्त्वाची होती. बॉग्जचा आदेश औपचारिकरीत्या रद्द झाला तो १९७६ मध्ये.

कॅथलिकांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मॉर्मनांशी त्यांची तुलना सर्वांत बोलकी ठरते. बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनमध्ये ११ ऑगस्ट १८३४ रोजी जमावाने उर्सुलाइन जोगिणींचा मठ जाळला. मठांतल्या कथित अनाचारांवरची बनावट पुस्तके तेव्हा धडाक्याने खपत. पुढे मॉर्मन जनानखान्यांवरच्या कादंबऱ्या निघाल्या, त्यांत जवळजवळ तेच साचे वापरलेले दिसतात: भुलवून आणलेली तरुणी, बंद दारे, लंपट धर्मगुरू आणि अखेरीस सुटका. १८४४ च्या उन्हाळ्यात तर दोन्ही समाजांवरचे हल्ले एकमेकांत मिसळल्यासारखे झाले. मे महिन्यात फिलाडेल्फियात दंगल होऊन दोन कॅथलिक चर्चे जाळली गेली. २७ जूनला इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. जुलैत फिलाडेल्फिया पुन्हा पेटले.

स्मिथचा खून मात्र निव्वळ धर्मद्वेषातून झाला असे म्हणता येत नाही. मिसुरीतून आलेल्या लोकांनी मिसिसिपीच्या काठी नावू नावाचे शहर वसवले होते. इलिनॉयच्या विधिमंडळाने त्याला फारच सढळ हाताने सनद दिली: स्वतःची न्यायालये, स्वतःची सेना. शहराचा महापौर, सेनेचा सेनापती आणि चर्चचा प्रेषित एकच, जोसेफ स्मिथ. १८४४ मध्ये तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाचाही उमेदवार झाला. त्याच्या गुप्त बहुपत्नीत्वाचा गौप्यस्फोट करणारे एक वृत्तपत्र पंथातल्याच असंतुष्टांनी काढले, तेव्हा त्याने नगरपालिकेकडून छापखाना मोडून टाकवला. ज्यांचा छापखाना मिसुरीत फोडला गेला होता त्यांनीच हे करावे, ही गोष्ट शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. या प्रकरणातूनच तो तुरुंगात गेला होता. खुनाबद्दल पाच जणांवर खटला चालला आणि पाचही सुटले. याच नावूच्या नगरपालिकेने मार्च १८४१ मध्ये एक ठराव करून कॅथलिक, क्वेकर आणि इतर ख्रिस्ती पंथांबरोबर मुस्लिमांनाही उपासनेचे पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले होते. तेव्हा गावात मुस्लिम असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, पण त्या काळात एवढे सुचणेही विरळाच होते.

कॅथलिकांजवळ एक गोष्ट होती जी मॉर्मनांजवळ नव्हती: संख्या, आणि तीही मोठ्या शहरांत विखुरलेली. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर लाखोंनी लोक आले आणि १८५० च्या सुमारास कॅथलिक हा अमेरिकेतला सर्वांत मोठा एकसंध पंथ झाला. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'नो-नथिंग' चळवळीने १८५६ मध्ये माजी अध्यक्ष फिलमोर यांना उमेदवार केले, पण त्यांना जिंकता आले ते एकटे मेरीलँड राज्य. न्यूयॉर्क, बॉस्टन आणि शिकागोतल्या राजकीय पक्षांना आयरिश मते हवी होती, त्यामुळे कॅथलिकांना राज्यातून हाकलण्याची भाषा करणारा गव्हर्नर निवडून येणे अवघड होत गेले. मॉर्मन जिथे गेले तिथे एका काउंटीत बहुसंख्य आणि राज्यात नगण्य होते. शेजाऱ्यांना धास्ती वाटावी एवढी त्यांची ताकद होती, स्वतःला वाचवता येईल एवढी नव्हती.

१८४७ च्या जुलैत स्मिथचा वारसदार ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली त्यांनी अमेरिकेची हद्दच सोडली आणि तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात मुक्काम केला. सात महिन्यांत तो प्रदेशही तहाने अमेरिकेकडे आला. १८५० मध्ये युटा टेरिटरी स्थापन झाली आणि यंगच तिचा गव्हर्नर झाला. १८५२ मध्ये चर्चने बहुपत्नीत्व उघडपणे मान्य केले. इथून पुढे मॉर्मन प्रश्न राष्ट्रीय झाला. १८५६ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्याने गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना एकाच पंक्तीत बसवून दोन्ही रानटीपणाचे अवशेष ठरवले. १८५७ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी सैन्य पाठवले. त्या भीतीच्या वातावरणात, ११ सप्टेंबरला, माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांनी कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. छळ झालेल्यांच्या इतिहासातले हे पान दीर्घकाळ दाबून ठेवले गेले. वीस वर्षांनी एकट्या जॉन ली याला त्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या.

सैन्याने जे साधले नाही ते कायद्याने साधले. १८६२ मध्ये लिंकनने बहुपत्नीत्वविरोधी मॉरिल कायद्यावर सही केली. ब्रिगहॅम यंगचा सचिव जॉर्ज रेनॉल्ड्स याच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७९ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश वेट यांनी श्रद्धा आणि कृती यांच्यात रेघ ओढली: माणसाने काय मानावे यात सरकार पडणार नाही, पण त्याने काय करावे यात पडेल. उदाहरणे देताना त्यांनी नरबळीचे नाव घेतले आणि पतीच्या चितेवर जळून जाणे हे आपले धर्मकर्तव्य मानणाऱ्या पत्नीचे. बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची रीत असून युरोपच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील राष्ट्रांना ती नेहमीच घृणास्पद वाटली, असेही त्यांनी नोंदवले. १८९० मध्ये चर्चच्या मालमत्तेच्या खटल्यात न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी सतीबरोबर हिंदुस्थानातील ठगांचाही दाखला दिला. म्हणजे व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या वंशजांना शिक्षा ठोठावताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आधी आशियाई करून घेतले. ब्रिटिशांनी सती आणि ठगीचा बंदोबस्त कसा केला, हे तेव्हाच्या सुशिक्षित अमेरिकनांना वाचून ठाऊक होते आणि ते उदाहरण हाताशी तयारच होते.

व्यंगचित्रकारांचेही तसेच होते. टॉमस नास्टने १८७१ मध्ये 'हार्पर्स वीकली'त कॅथलिक बिशपांना मगरी करून अमेरिकी मुलांवर सोडले आणि चित्राला नाव दिले 'अमेरिकेची गंगा'. त्याच्याच दुसऱ्या एका चित्रात कॅथलिक मगर आणि मॉर्मन कासव दोघेही संसदेच्या घुमटावर चढताना दिसतात. दोन्ही पंथांचे धनी परके, एकाचा रोममध्ये आणि दुसऱ्याचा सॉल्ट लेकमध्ये, त्यामुळे त्यांचे अनुयायी खरे नागरिक होऊच शकत नाहीत, हा त्यामागचा आरोप होता. १८७९ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम एव्हार्ट्स यांनी युरोपीय सरकारांना पत्र पाठवून मॉर्मन स्थलांतरितांना तिकडेच अडवण्याची विनंती केली. त्याच वर्षी जॉर्जियात जोसेफ स्टँडिंग या धर्मप्रचारकाचा खून झाला. १८८४ मध्ये टेनेसीतल्या केन क्रीक येथे दोन प्रचारक आणि दोन स्थानिक अनुयायी उपासनेसाठी जमले असताना मारले गेले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

१८८२ च्या एडमंड्स कायद्याने बहुपत्नीकांचा मताधिकार काढला. हजारांहून अधिक पुरुष तुरुंगात गेले, बायका साक्ष देणे टाळण्यासाठी गावोगाव लपल्या. १८८७ च्या कायद्याने चर्चचे कायदेशीर अस्तित्व संपवले, पन्नास हजार डॉलरवरची मालमत्ता जप्तीस पात्र ठरवली आणि युटातल्या स्त्रियांना १८७० पासून असलेला मताचा हक्कही काढून घेतला. स्त्रियांना जनानखान्यातून सोडवायला निघालेल्या सुधारकांनी त्यांचे मतच हिरावले. कारण त्या स्वतःच्या धर्माच्या बाजूने मत देत होत्या. आयडाहोने तर बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या चर्चच्या नुसत्या सदस्यांनाही मतदानाबाहेर ठेवले, आणि फेब्रुवारी १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही ग्राह्य धरले. कृतीवर बंदी, श्रद्धेवर नाही, ही अकरा वर्षांपूर्वीची रेघ न्यायालयाने इथे स्वतःच पुसली. अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही ख्रिस्ती पंथाविरुद्ध केंद्र सरकारने इतक्या टोकाचे कायदे केलेले नाहीत. आदिवासींचा धर्माचार मात्र याहून वाईट अवस्थेत होता. १८८३ च्या नियमांनी त्यांचे सूर्यनृत्यासारखे विधीच गुन्हा ठरवले होते आणि त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहायलाही कोणी नव्हते.

सप्टेंबर १८९० मध्ये चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून नवीन बहुपत्नी विवाहांपासून दूर राहण्याचा सल्ला अनुयायांना दिला. ४ जानेवारी १८९६ रोजी युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तोही घटनेत बहुपत्नीत्वावर कायमची बंदी लिहून घेऊनच.

यानंतर जग लगेच बदलले नाही. १८९८ मध्ये निवडून आलेल्या बी. एच. रॉबर्ट्स यांना तीन पत्नी होत्या, म्हणून प्रतिनिधिगृहाने त्यांना बसू दिले नाही. १९०३ मध्ये सिनेटवर गेलेले रीड स्मूट एकपत्नीक होते, पण चर्चच्या वरिष्ठ बारा धर्मदूतांपैकी एक होते. त्यांच्याविरुद्ध महिला संघटना आणि प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी लाखो सह्यांची निवेदने पाठवली. सिनेट समितीची सुनावणी १९०४ पासून जवळजवळ तीन वर्षे चालली. चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी साक्षीत कबूल केले की जाहीरनाम्यानंतरही आपण आपल्या सर्व पत्नींबरोबर संसार करत आहोत. देशभर गदारोळ झाला. चर्चने एप्रिल १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढला, नवीन बहुपत्नी विवाह करणाऱ्यांना बहिष्कृत करायला सुरुवात केली आणि दोन धर्मदूतांना पदे सोडावी लागली. फेब्रुवारी १९०७ मध्ये सिनेटने स्मूट यांचे पद कायम ठेवले. तडजोड कुठेही लिहिलेली नव्हती, पण दोन्ही बाजूंना ती पुरती कळली होती: चर्चने देशाचा कायदा आपल्या प्रकटीकरणापेक्षा वर मानायचा आणि देशाने त्याला इतर पंथांसारखाच एक पंथ मानायचे. स्मूट १९३३ पर्यंत सिनेटमध्ये राहिले. आज त्यांचे नाव आठवते ते १९३० च्या, जागतिक मंदीत भर घालणाऱ्या आयातकराच्या कायद्यामुळे. १९१६ मध्ये मॉर्मनबहुल युटाने सायमन बँबर्गर या ज्यू उमेदवाराला गव्हर्नर म्हणून निवडले. जॉर्जियात लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाला जमावाने फाशी देऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते.

विसाव्या शतकात मॉर्मनांनी स्वतःला जवळजवळ अतिअमेरिकी करून घेतले. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. मोठी, नीटनेटकी कुटुंबे. लष्करी सेवा, बालवीर चळवळ, १९२९ पासून रेडिओवर दर आठवड्याला ऐकू येणारे टॅबरनॅकल गायकवृंदाचे गायन. मंदीच्या काळात सरकारी मदतीपेक्षा स्वतःच्या कल्याणयोजनेवर भर. एझ्रा टाफ्ट बेन्सन आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात आठ वर्षे कृषिमंत्री होते. मुंबई-पुण्यातही ज्यांची पंचतारांकित हॉटेले आहेत त्या मॅरियट समूहाचे संस्थापक जे. विलर्ड मॅरियट हे मॉर्मनच. जुन्या रीतीला चिकटून राहिलेल्या फुटीर मूलतत्त्ववादी गटांना चर्चने वाळीत टाकले. जुलै १९५३ मध्ये ॲरिझोनाच्या पोलिसांनी शॉर्ट क्रीक या त्यांच्या वस्तीवर छापा घालून अडीचशेहून अधिक मुले आईबापांपासून तोडली, तेव्हा चर्चच्या मालकीच्या वृत्तपत्राने छाप्याचे समर्थन केले. ज्यांच्या आजोबांना याच गुन्ह्यासाठी तुरुंग झाला होता त्यांचेच हे वृत्तपत्र. बाकीच्या अमेरिकेला मात्र रडणाऱ्या मुलांची छायाचित्रे सहन झाली नाहीत आणि गव्हर्नर पुढची निवडणूक हरला.

यहोवाच्या साक्षीदारांनी उलट वाट धरली. त्यांनी काहीच सोडले नाही. ध्वजाला वंदन नाही, सैन्यात भरती नाही, रक्त चढवून घेणे नाही. १९४० मध्ये गोबायटिस खटल्यात न्यायालयाने शाळेतली ध्वजवंदनाची सक्ती योग्य ठरवताच देशभर त्यांच्यावर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंक येथे त्यांचे सभागृह जाळले गेले. तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, बार्नेट खटल्यात न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळातल्या याच पंथाच्या मुलांना राष्ट्रगीत न गाण्याची मुभा दिली, तेव्हा बार्नेटचा आधार घेतला होता. नाझी जर्मनीत साक्षीदारांना जांभळा त्रिकोण लावून छळछावण्यांत टाकले गेले. तिथले मॉर्मन बहुतांशी कायदा पाळून गप्प राहिले. हेल्मुट ह्यूबेनर या हँबर्गच्या मॉर्मन मुलाने नाझीविरोधी पत्रके वाटली, तेव्हा स्थानिक धर्मप्रमुखाने त्याला पंथाबाहेर काढले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, सरकारने त्याचा शिरच्छेद केला. युद्धानंतर चर्चने त्याचे सदस्यत्व परत दिले.

आमिशांना तर मॉर्मनांना नाकारलेलीच सवलत मिळाली. १९७२ च्या योडर खटल्यात त्यांच्या मुलांना आठवीनंतरच्या सक्तीच्या शिक्षणातून सूट दिली गेली. श्रद्धेपोटी केलेली कृतीसुद्धा घटनेच्या संरक्षणात येऊ शकते, असे न्यायालयाने मान्य केले. या तर्काने एक दिवस रेनॉल्ड्सचा निकालही रद्द होईल, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याच वेळी लिहून ठेवले. आमिश थोडे होते, कष्टाळू होते आणि त्यांना कोणाच्याही मतदारसंघात सत्ता नको होती. अशा अल्पसंख्याकांवर माया करणे कोणत्याही समाजाला सोपे जाते.

राजकारणात कॅथलिकांची अडचण १९२८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार अल स्मिथ यांच्या पराभवात दिसली आणि १९६० मध्ये केनेडींच्या विजयाने बरीचशी मिटली. गॅलपच्या १९३७ च्या पाहणीत कॅथलिक उमेदवाराला मत देऊ म्हणणारे ६० टक्के होते, ज्यू उमेदवाराला ४६ टक्के. २०१२ मध्ये हे आकडे ९४ आणि ९१ झाले. मॉर्मनांबाबत हा प्रश्न प्रथम १९६७ मध्ये, मिशिगनचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी इच्छुक असताना विचारला गेला. १७ टक्क्यांनी नकार दिला. पंचेचाळीस वर्षांनी त्यांचे पुत्र मिट रॉम्नी उमेदवार असताना नकार देणारे १८ टक्के होते. नागरी हक्क चळवळ झाली, पिढ्या बदलल्या, हा आकडा हलला नाही. अर्थात तेव्हा मुस्लिम उमेदवाराला होकार देणारे ५८ टक्केच होते आणि नास्तिकाला ५४, त्यामानाने मॉर्मनांना ८० टक्के होकार होता.

मॉर्मनांविषयीच्या नापसंतीचे वैशिष्ट्य असे की ती दोन्ही टोकांकडून येते. इव्हँजेलिकल ख्रिस्ती त्यांना ख्रिस्तीच मानत नाहीत. २०११ मध्ये टेक्सासचे बाप्टिस्ट धर्मगुरू रॉबर्ट जेफ्रेस यांनी या धर्माला उघडपणे भोंदू पंथ म्हटले. बिली ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरही तो अशाच यादीत होता आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये, मतदान तोंडावर आल्यावर, तिथून नाहीसा झाला. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी अखेर रॉम्नींना भरघोस मते दिली, म्हणजे धर्ममतापेक्षा पक्ष मोठा ठरला. उदारमतवाद्यांचा राग वेगळा आहे आणि तो निराधार नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना चर्चने जून १९७८ पर्यंत पौरोहित्य दिले नव्हते. १९६९ मध्ये या धोरणाच्या निषेधासाठी काळ्या फिती लावू इच्छिणाऱ्या वायोमिंग विद्यापीठाच्या १४ खेळाडूंना संघातून काढले गेले होते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या प्रस्ताव ८ साठी मॉर्मनांनी पैसा आणि मनुष्यबळ ओतले. कॅथलिक बिशपही त्याच बाजूला होते, पण निदर्शनांचा रोख प्रामुख्याने मॉर्मन मंदिरांवर राहिला.

सार्वजनिक थट्टेतही हाच फरक दिसतो. २०११ मध्ये ब्रॉडवेवर 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीत नाटक आले आणि त्याला नऊ टोनी पुरस्कार मिळाले. तोरा किंवा कुराण यांच्या नावाने असे नाटक कोणी काढले असते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. चर्चने निदर्शने केली नाहीत, उलट नाटकाच्या पुस्तिकेत मूळ ग्रंथ वाचण्याचे आवाहन करणारी जाहिरात दिली. गोरा, सुस्थित, एका राज्यात बहुसंख्य असलेला समाज दुबळा वाटत नाही, म्हणून त्याची टिंगल करताना कोणाला संकोच वाटत नाही. प्यू संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मॉर्मनांबद्दल चांगले मत असलेले १५ टक्के आणि वाईट मत असलेले २५ टक्के निघाले. मुस्लिमांचे आकडे १७ आणि २२ होते, ज्यूंचे ३५ आणि ६. पण मत आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यूंबद्दल एवढे चांगले मत असूनही २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जण मारले गेले, आणि २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात शिखांवर गोळीबार झाला. मॉर्मनांविषयीची नापसंती दीर्घकाळ बहुधा जेवणाच्या टेबलावरच्या शेऱ्यांपुरती राहिली. विमानतळावर त्यांना कोणी बाजूला काढत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुस्लिमांना देशात येऊ न देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा चर्चने धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने निवेदन काढले. पुढे प्रवासबंदीच्या खटल्यात मॉर्मन इतिहासाच्या अभ्यासकांनी न्यायालयासमोर एव्हार्ट्सचे १८७९ चे पत्र ठेवले.

अमेरिकेबाहेर चित्र सरकारागणिक बदलते. रशियाने २०१७ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांवर सरसकट बंदी घातली. मॉर्मन तिथे तगले, कारण आदल्या वर्षीच्या कडक कायद्यानंतर त्यांनी आपल्या प्रचारकांना स्वयंसेवक म्हणायला सुरुवात केली आणि दारोदार जाणे थांबवले. जेरुसलेममधल्या त्यांच्या विद्यापीठ केंद्राला कट्टर ज्यूंनी विरोध केला, तेव्हा धर्मप्रचार न करण्याचा लेखी करार करून त्यांनी ते उघडले. नियम पाळून जागा मिळवायची, हा १९०७ चा धडा ते जगभर गिरवत आले आहेत. महाराष्ट्राशीही या इतिहासाचा एक जुना धागा आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत आला आणि त्याने पुण्याच्या छावणीतही काम केले. त्याला अडवले ते हिंदू किंवा मुस्लिम समाजाने नाही, तर ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी आणि ख्रिस्ती पाद्र्यांनी. ती मोहीम काही वर्षांतच गुंडाळली गेली. भारतातल्या पहिल्या मॉर्मन मंदिरासाठी पुढे बंगळुरूची निवड झाली आणि तिथे डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झाले.

ज्या बहुपत्नीत्वापायी केंद्र सरकारशी हा संघर्ष झाला ती प्रथा अमेरिकेत पूर्णपणे नष्ट झालेली नाही. युटा, ॲरिझोना आणि आसपासच्या राज्यांत मूलतत्त्ववादी गट ती पाळतात. मुख्य चर्चचा त्यांच्याशी संबंध नाही आणि आपल्या सदस्याने ती पाळल्याचे उघड झाले तर चर्च त्याला बाहेर काढते. २०२० मध्ये युटाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या बहुपत्नी संबंधांचा गुन्हा सौम्य करून वाहतूक नियमभंगाच्या पातळीवर आणला. फसवणूक, जबरदस्ती आणि अल्पवयीन मुलींचे विवाह यांवरच्या शिक्षा कायम राहिल्या. रेनॉल्ड्सचा निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने आजवर रद्द केलेला नाही.